बोटं मोठी दाखव

सेम्बावांग, १२ जून २००५

ताई,

जयभीम. पत्राला उत्तर द्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण जयभीमला जयभीम म्हणावंच लागतं, म्हणून आधी तोच घातलाय. मनातल्या मनात म्हणालीस तरी माझ्यापर्यंत पोचेल.

पाकिटावरचा पत्ता राणीच्या अक्षरात आहे. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच कपाटावर टाकशील याची मला खात्री होती. आता फसून उघडलंच आहेस, तर पूर्ण वाच.

माझ्या नि राणीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, म्हणजे तू माझ्याशी बोलेनाशी झालीस त्यालाही सहा वर्षं झाली. बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आपण एकाच सतरंजीवर बसलो होतो आणि माझा चहा तू आईच्या हातून पाठवलास. आई तुझ्याकडे राहते, म्हणून दर रविवारी मी इथून तुझ्याच घरी फोन करतो. फोन तू उचलतेस, माझं हॅलो ऐकतेस, रिसीव्हर टेबलावर ठेवतेस आणि "आई" अशी हाक मारतेस. एवढ्या वर्षांत तुझा तेवढाच आवाज माझ्या वाट्याला आला. तो ऐकला की मला बरं वाटतं, हेही सांगून टाकतो.

नागपूरच्या त्या प्रकाराबद्दल आज लिहीत नाही. लिहायचं आहे, पण अजून धीर गोळा करतोय. आज फक्त कामाचं.

काम असं की माझे गुडघे गेले. बावीस वर्षं चेंडू टाकणाऱ्या पिचरसमोर उकिडवा बसून ते झेलले, आता जिना चढताना गुडघ्यांचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो. पॉलिक्लिनिकमधली डॉक्टरीण एक्स-रे बघून म्हणाली, "मिस्टर, यू वाँट टु वॉक ऑर यू वाँट टु प्ले?" मी म्हटलं, अजून एक वर्ष? "वन इयर कॅन. आफ्टर दॅट डोन्ट कम अँड क्राय हिअर." तर पुढच्या वर्षी वेसाक डेला माझा शेवटचा सामना. वेसाक डे म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा. इथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते आणि आमचा पेलिकन्स नावाचा बेसबॉल क्लब दर वर्षी त्या सकाळी खेळतो.

आता नीट वाच. आमच्या क्लबात एक रीत आहे. कॅचर निवृत्त होतो तेव्हा शेवटच्या इनिंगचा पिचर त्यानं निवडायचा. जगातला कोणीही, क्लबाबाहेरचा असला तरी चालतो, आणि समोरच्या टीमनं हरकत घ्यायची नाही. क्लबचे सेक्रेटरी अंकल लिम, निवृत्त शाळामास्तर, त्यांचं म्हणणं असं की कॅचर आयुष्यभर दुसऱ्याच्या हातातलं झेलतो, एकदा तरी त्याच्या मनासारखं होऊ दे. माझ्या आधीच्या कॅचरनं शाळेतला मित्र पर्थहून बोलावला होता. परवा अंकल लिमनी वही काढून मला विचारलं, "रत्ना आह, हू यू वाँट?"

मी म्हणालो, "माय सिस्टर."

त्यांनी भुवई वर केली नाही की काही विचारलं नाही. वहीत तुझं नाव लिहिलं आणि स्पेलिंग बरोबर आहे का एवढं मला दाखवलं. म्हणजे बघ, सिंगापुरात तुझं नाव लागलं आहे. मे महिन्यात तुझ्या शाळेला सुट्टी असते, पोरींना पीटी शिकवायची नसते. रवींद्र दाजी आईला सांभाळतील. तू यावंस, एक इनिंग टाकावीस आणि ती मी झेलावी, एवढंच मला हवं आहे.

तुझा
रत्ना

सेम्बावांग, ३१ जुलै २००५

ताई,

उत्तर आलं नाही. म्हणजे नकारही आला नाही, असा अर्थ मी काढला आहे. राणी म्हणते, असल्या अर्थांवरच तुमचं शिपयार्ड चालतं.

मग माझ्या लक्षात आलं की माझी कारकीर्दच तुला धड माहीत नाही. भुसावळच्या रेल्वे कॉलनीचं मैदान सुटल्यावर मी कुठे कुठे बसलो ते ऐक. बसलो म्हणजे शब्दशः बसलो. जळगावच्या कॉलेजात दुसरा कॅचर. राज्याच्या टीमचा तिसरा कॅचर, काम चेंडू मोजायचे आणि बर्फ आणायचा. पिंपरीच्या कारखान्यात मला खेळाडू म्हणून घेतलं, पण पहिला कॅचर मॅनेजरचा भाचा होता आणि तो कधी आजारी पडला नाही. इथे येईपर्यंत सात टीम झाल्या होत्या आणि एक कप, तोही उपविजेत्याचा. इथे मात्र माझं नशीब फळफळलं. या उकाड्यात जाड छातीपट्टा बांधून, तोंडावर मास्क लावून दोन तास उकिडवं बसायला कोणी तयार होत नाही. मी आठवडाभर बोटींच्या पाइपांचे नकाशे काढतो आणि शनिवार-रविवारी लोक मला उसना नेतात. शिपयार्डातल्या फिलिपिनो वेल्डरांची टीम, पासिर रिसच्या मास्तरांची टीम, एका जपानी कंपनीची टीम, आणि पहिल्यापासून आमचे पेलिकन्स. टीमचा शर्ट बदलायला राणीनं दाराला एक वेगळी खुंटीच ठोकली आहे.

आता हसशील असं एक सांगतो.

जगभर अशी पद्धत आहे की कोणता चेंडू टाकायचा याची खूण कॅचर करतो. मांड्यांच्या मध्ये हात घालून बोटं दाखवतो, एक, दोन किंवा तीन, आणि पिचर मान डोलावतो नाहीतर हलवतो. आपल्या घरी उलटं होतं. तू तेरा वर्षांची, मी दहाचा. तुला सॉफ्टबॉल टाकायला समोर कोणीतरी हवं होतं, म्हणून बाबांचे लोकोशेडमधले चामड्याचे हातमोजे, आत चिंध्या कोंबून, तू माझ्या हातात घातलेस आणि भिंतीशी बसवलंस. मोठी तू, म्हणून खुणा तुझ्या. वेणी उजव्या खांद्यावर घेतली की वर उठणारा चेंडू, डाव्या खांद्यावर घेतली की खाली पडणारा, कानाची पाळी ओढली की हळू. मी फक्त बघायचं आणि झेलायचं. पुढे कॉलेजात आणि पिंपरीत खुणा बाकावरून कोच करायचे, तेव्हाही मला डोकं चालवावं लागलं नाही.

आणि मग २००१ साली टॅम्पिनीसच्या मैदानावर माझा इथला पहिला सामना. समोर मोरिता-सान नावाचा जपानी पिचर, अतिशय सज्जन माणूस. तो माझ्या खुणेची वाट बघत उभा. मी त्याच्या खुणेची वाट बघत बसलेला. त्याला वाटलं मी नाराज आहे, म्हणून तो वाकला. मला वाटलं ही खूणच असेल, पण काही कळेना, म्हणून बसल्या बसल्या मीही वाकलो. तो आणखी खाली वाकला. बॅटर बॅट टेकवून बघत राहिला. शेवटी अंकल लिम छत्री घेऊन मैदानात आले.

"वाय बोथ ऑफ यू लाइक दिस? गेटिंग मॅरिड, इझ इट?"

मी म्हणालो, "अंकल, ही इज द पिचर. ही मस्ट टेल मी."

"हू टीच यू?"

"माय सिस्टर."

ते खूप वेळ हसले आणि मग मैदानातच मला बोटं कशी दाखवायची ते शिकवलं. अठ्ठाविसाव्या वर्षी, सात टीम खेळून झाल्यावर. पहिल्यांदा दोन बोटं दाखवली आणि मोरिता-साननं मान डोलावून तोच चेंडू टाकला, तेव्हा मला इतका आनंद झाला की तो चेंडू माझ्या हातून सुटला.

म्हणूनच मी वहीसाठी तुझं नाव सांगितलं तेव्हा अंकल लिमनी काही विचारलं नाही. ते तुला चार वर्षांपासून ओळखतात.

रत्ना

सेम्बावांग, १८ सप्टेंबर २००५

ताई,

आईनं फोनवर फितुरी केली. म्हणाली, "तुझे पत्र वाचते ते. दोनदा वाचते, मंग घडी घालून गादीखाली ठेवते. बोलत काही नाही." आईवर रागावू नकोस. गादीखाली म्हणजे कपाटावर नाही, एवढ्यावर मी आठवडाभर खूश होतो.

इरा पाच वर्षांची झाली. तिला मी सांगितलं की तुझी आत्या चेंडू असा टाकते की तो बॅटरच्या समोर येऊन वर चढतो. ती म्हणाली, "पपा, बॉल कॅनॉट गो अप लाइक दॅट लाह." मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर येतं आणि वर ते लाह. आता हिला पटवून द्यायला तूच हवीस.

आज धीर झाला आहे तर नागपूरचं लिहितो.

डिसेंबर १९९०. तुला मुलींच्या राष्ट्रीय टीमच्या शिबिराचं बोलावणं आलं, हैदराबादला. बाबांनी रेल्वेचा पास काढला, त्यावर दोन नावं, तुझं आणि सोबत म्हणून माझं. एकट्या मुलीला पाठवायचं नाही हे घरात ठरलेलंच होतं. आणि मी म्हणालो, माझी बारावीची सराव परीक्षा आहे, मला जमणार नाही. शिबिर चुकलं. परत बोलावणं आलं नाही.

सराव परीक्षा त्या आठवड्यात नव्हती. त्या आठवड्यात नागपूरला मुलांच्या टीमची निवड चाचणी होती. सुबोधच्या खोलीवर अभ्यासाला जातो असं सांगून मी तिकडे गेलो. नऊ वर्षं ही गोष्ट कुणाला कळली नाही. मग माझ्या लग्नाच्या पंगतीत आपले खेळाचे शिरीष सर जिलेबी खाताखाता सहज बोलून गेले, "रत्ना त्या डिसेंबरात नागपूरला काय झेलत होता." तू शेजारी वाढत होतीस. तू त्यांना आणखी एक जिलेबी वाढलीस, माझ्याकडे एकदा पाहिलंस, आणि त्यानंतर काही नाही.

तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. पोराला आपलंही काही व्हावंसं वाटतं. एवढं समजून घे.

रत्ना

सेम्बावांग, २० नोव्हेंबर २००५

ताई,

मागच्या पत्राचा शेवट मला आवडला नाही. समजून घे म्हणून तुला सांगायचा मला अधिकार नव्हता, कारण मी सगळं लिहिलंच नव्हतं. राणीलाही हे काल पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, पत्रात लिहा, नाहीतर मी लिहीन आणि माझं अक्षर ती उघडते.

मी नाही म्हटल्यावर गोष्ट संपली नव्हती. त्या संध्याकाळी बाबा शेडवरून आले, मोरीवर हाताचं ग्रीस धूत होते. तू आत भाकऱ्या टाकत होतीस. बाबा मला म्हणाले, "तुझी परीक्षा असंन तर मी रजा टाकतो. मी जातो तिच्या सोबत. तिले विचार बरं, माह्यासोबत येते का."

म्हणजे शिबिर चुकायचं काही कारणच उरलं नव्हतं. मी फक्त आत जाऊन विचारायचं होतं.

मी आत आलो. तुझी पाठ माझ्याकडे होती. मी माठातलं पाणी प्यायलो, पेला पालथा घातला आणि बाहेर जाऊन बाबांना सांगितलं, "ती म्हणते, नको. पुढच्या वर्षी बघू."

बाबा एवढंच म्हणाले, "बरं." त्यांना वाटलं तुला त्यांच्या रजेची काळजी. पुढे कितीतरी वेळा त्यांनी लोकांना कौतुकानं सांगितलं की पोरीनं बापाची रजा वाचवली. ते सांगायचे तेव्हा मी उठून जायचो. ते गेले तेव्हाही त्यांना तेच खरं वाटत होतं.

का केलं? नागपूरला तर मी जाणारच होतो, तू हैदराबादला गेल्यानं माझं काही अडत नव्हतं. मी खूप विचार केला आहे. एक तर हेवा होता. भुसावळात सगळे चेंडू टाकणारीला बघायला यायचे, झेलणाऱ्याचं तोंड मास्कमध्ये. आणि दुसरं, जे मला जास्त खरं वाटतं, तू गेलीस की परत त्या मैदानावर येणार नाहीस, हे मला दिसत होतं. मग मी कुणाचं झेलणार होतो? तुझ्या वेणीकडे बघण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः खूण केली, आणि ती अशी केली.

नागपूरला तिसरा कॅचर म्हणून निवड झाली. एकही इनिंग खेळायला मिळाली नाही. हे मी शिक्षा म्हणून सांगत नाही, झालं ते सांगतो.

हे वाचून तू आली नाहीस तर मी अंकल लिमना सांगेन की वहीतलं नाव राहू द्या आणि शेवटची इनिंग पिचरशिवाय सोडून द्या. दुसरं नाव मी देणार नाही. माझी चूक आहे ताई. मला माफ कर.

रत्ना

सेम्बावांग, १९ फेब्रुवारी २००६

ताई,

तीन महिने. तीन महिने मी लेटरबॉक्स उघडत होतो आणि त्यात पिझ्झाची पत्रकं निघत होती. आईला विचारलं तर ती म्हणायची, "मले नको विचारू, तुमचं तुम्ही पाहा." गादीखालच्या पत्रांचंही सांगेना. मी आशा सोडली होती, खोटं कशाला बोलू.

काल पाकीट आलं. शाळेच्या वहीचं पान, मधोमध सहा शब्द.

"चष्मा लागला आहे. बोटं मोठी दाखव."

मी लिफ्टमध्येच वाचलं. अकराव्या मजल्यावर उतरायचं विसरलो, परत खाली गेलो, खाली शेजारची मलाय आजी आत आली आणि मला बघून म्हणाली, "बॅड न्यूज, आह?" मी रडत होतो, पण तोंड हसत होतं, त्यामुळे तिला नीट कळेना. मी तो कागद तिला दाखवला. तिला मराठी कुठून येणार, पण तिनं तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "ओ, व्हेरी नाइस."

खुणा मी करायच्या, असं तू म्हणतेस. मला सहा शब्द शंभरदा वाचून तेवढंच कळलं आणि तेवढं पुरे आहे.

अंकल लिमना फोन केला. ते म्हणाले, "आय नेव्हर रब आउट हर नेम, व्हॉट."

तुझाच
रत्ना

सेम्बावांग, ९ एप्रिल २००६

ताई,

दाजींनी पासपोर्टचं काम एकट्यानं निभावलं म्हणून त्यांना माझा खास जयभीम. व्हिसा आला हे आईनं सांगितलं. आणखीही एक गोष्ट तिनं सांगितली, ती मी ऐकलीच नाही असं समज: तू रोज सकाळी सहाला रेल्वेच्या मैदानावर जाऊन भिंतीवर चेंडू मारतेस, शाळेच्या चार पोरी चेंडू गोळा करतात, आणि परत आल्यावर दाजी खांद्याला बाम लावून देतात.

सूचना लिहितो. च्युइंगम आणू नकोस, इथे चालत नाही. लोणचं आण, पण बरणी तीन पिशव्यांत बांध. सॉफ्टबॉल तूच आण, हाताचा ओळखीचा असलेला. आमचा बेसबॉल छोटा असतो, तो तुला द्यायचा नाही असं ठरलं आहे. समोरच्या टीमनंही मान्य केलंय. बॅटर लोकांना मोठा चेंडू मिळणार म्हणून ते उलट खूश आहेत. बिचारे. तुझ्यासाठी चाळीस फुटांवर चुन्याची वेगळी रेघ मारणार आहोत.

बोटांचीही सोय झाली. मोठ्या मोठ्या कॅचरांची युक्ती आहे, नखं रंगवायची म्हणजे लांबून दिसतात. राणीकडे नेलपॉलिश आहे, पण तिचा रंग पिकल्या जांभळासारखा, तो सावलीत दिसणार नाही. इरानं मॉलमधून एक गुलाबी बाटली निवडली आहे. इतका गुलाबी रंग मी आजवर फक्त लग्नाच्या मांडवात पाहिला होता. ती म्हणते, "आत्या शुअर कॅन सी." नखं रंगवायचं काम तिच्याकडे.

एक विचारू? तू मला अजून एकदाही फोनवर काही बोलली नाहीस. रविवारी रिसीव्हर टेबलावर ठेवतेसच. मी तक्रार करत नाही. पण परवा ठेवताना हळू ठेवलास, आवाज झाला नाही. ते माझ्या लक्षात आलं.

रत्ना

सेम्बावांग, २१ मे २००६

ताई,

आज दुपारच्या विमानानं तू गेलीस. चांगी विमानतळावरून परत येताना मेट्रोत इरा माझ्या मांडीवर झोपली, गुडघा दुखत होता तरी मी पाय हलवला नाही. घरी आल्या आल्या लिहायला बसलो आहे, कारण सामन्याचं सगळं तुला ठाऊक असलं तरी मास्कच्या आतून दिसलं ते तुला ठाऊक नाही.

वेसाकच्या सकाळी वंदना घेऊन आपण मैदानावर गेलो. पांढरा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, नवे बूट, नाकावर चष्मा. सहा इनिंग तू अंकल लिमच्या शेजारी छत्रीखाली बसून होतीस. ते काय बोलत होते कोण जाणे, तू मान डोलावत होतीस. सातव्या इनिंगला आम्ही सहा रनांनी मागे होतो, त्यामुळे हरायची काळजी कोणालाच उरली नव्हती. आणि तू चालत रेघेपाशी आलीस.

तुझा पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून थेट जाळीवर गेला. दुसरा माझ्या अलीकडे फूटभर मातीत. इरा ओरडली, "आत्या, नेव्हर माइंड लाह!" मला वाटलं आपण उगाच हिला सातासमुद्रापार आणून तिची फजिती केली. मी उठून तुझ्याकडे यायला निघालो, तर तू हातानंच मला खाली बस म्हणून खूण केलीस, मी दहा वर्षांचा असताना करायचीस तशीच. मी बसलो.

मी एक बोट दाखवलं. तू मान हलवलीस. दोन दाखवली, तू मान हलवलीस. तीन दाखवली, तरी तेच. माझ्याकडे तेवढेच चेंडू होते. शेवटी मी अख्खा गुलाबी पंजा उघडला, बाई तुला हवं तरी काय म्हणून, आणि तू हसलीस. ताई, तू मुद्दाम छळत होतीस मला. मास्कच्या आत मी इतक्या जोरात हसलो की अंपायरनं वाकून विचारलं, "यू ओके ऑर नॉट?" मी पुन्हा एक बोट दाखवलं आणि तू मान डोलावलीस.

तो चेंडू वर उठला. समोरच्या टीमच्या रॉमेलची बॅट त्याच्या खालून गेली. तळहातावर तो बसला आणि मला भुसावळच्या भिंतीपाशी बसल्यासारखं झालं, फक्त या वेळी तो चेंडू मी मागितला होता. पुढचे दोनही हुकले आणि रॉमेल बाद. तो परत जाताना मला म्हणाला, "ब्रदर, हाउ ओल्ड इज युवर सिस्टर?" मी म्हणालो, छत्तीस. तो म्हणाला, "थँक गॉड." दुसऱ्यानं मारलेला चेंडू मोरिता-साननं धावत येऊन उचलला आणि पहिल्या बेसवर दिला. तोही बाद.

आणि तिसरे, अंकल लिम. त्रेसष्ट वर्षांचे. त्यांनी समोरच्या टीमचा शर्ट मागून घेतला, कारण इतकी वर्षं ऐकलेला चेंडू त्यांना स्वतः खेळायचा होता. पहिल्या दोन चेंडूंवर ते फिरले आणि हुकले. आता काय दाखवावं याचा मी विचार केला, आणि तीन बोटं दाखवली, हळू चेंडूची. वर बघितलं, तर त्याच क्षणी तुझा हात कानाच्या पाळीवर होता.

तू माझी बोटं पाहिलीस. मी तुझा कान पाहिला. मग तू मान डोलावलीस, सावकाश.

चेंडू इतका हळू आला की अंकल लिम तो येण्याआधीच पूर्ण गोल फिरले आणि हसत हसत मातीत बसले. मी चेंडू झेलला, तसाच धरून ठेवला. उठता येईना. गुडघ्यामुळे नव्हे.

एअरपोर्टवर तू जे सांगितलंस ते मी शब्द न बदलता इथे लिहून ठेवतो, कारण ते मला परत परत वाचायचं आहे.

"बाबांचा आवाज लहान होता का कधी? मोरीवर काय बोलले ते मी ऐकलं होतं. तू आत येऊन पाणी प्यायलास तेही मला माहीत होतं. मी पाठ करून उभी राहिले, आता विचारशील, मग विचारशील म्हणून. मीच वळून म्हणायचं होतं, बाबा, मला जायचंय. पण मला वाटलं, पोराची बारावी आहे, बाबा नि मी दोघं घराबाहेर राहिलो तर हा अभ्यास करायचा नाही. तुझ्या परीक्षेसाठी मी गप्प बसले, रत्ना. नऊ वर्षं मला त्याचं बरं वाटत होतं. म्हणून ती जिलेबी एवढी झोंबली." मग माझ्या नखांकडे बघून म्हणालीस, "हे पुसून टाक आता. शिपयार्डातले हसतील."

मी तेव्हा तुझी बॅग ढकलत राहिलो. आता बोलतो. तुझं शिबिर मी परत देऊ शकत नाही, आणि तू ते मागितलंही नाहीस. पण अंकल लिमनी सामन्याच्या दिवशी वहीत एक ओळ लिहिली आहे, तारीख, तुझं नाव, एक इनिंग, शून्य रन. त्याखाली माझं नाव, कॅचर. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या नावाखाली माझं नाव लागलं, दुसरा किंवा तिसरा न लिहिता. मी खूप खूश आहे ताई.

नखं पुसणार नाही. उद्या तशीच शिपयार्डात नेणार आहे.

गेले दोन रविवार मी फोन केला नाही, कारण उचलणारी इथेच होती. आता पुढच्या रविवारी करीन. आईला हाक जरा उशिरा मार.

तुझा कॅचर
रत्ना